एका भट्टीची दोन पाती

ऐरणीवर नुसतं हलकंसं ठोकलं, आणि पातं काडकन मोडलं.

कुमेजी लोहाराच्या तोंडचं पाणीच पळालं. आनीच्या बर्फाळ डोंगरखोऱ्यातल्या अस्वलमाऱ्यांना चाळीस वर्षं शिकारीचे सुरे घडवून देणारा माणूस तो, असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. मोडलेल्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. आतून जाड्या मिठासारखं खरखरीत लागलं. म्हणजे पाणी देण्याआधी पोलाद फार तापलं होतं. पिकल्या पर्सिमॉन फळाचा नारिंगी रंग आला की थांबायचं असतं, आणि तो रंग त्याला दिसलाच नव्हता.

दिसणार कुठून! तीन हिवाळे झाले, डोळ्यांत धुकं भरलं होतं. बायकोलासुद्धा त्याने पत्ता लागू दिला नव्हता. रंग न ओळखणाऱ्या लोहाराला कोण विचारतो हो?

पण आताची भीती वेगळीच होती. त्याच भट्टीतलं, त्याच संध्याकाळी पाणी दिलेलं दुसरं पातं कमरेला लावून जावई इसोकिची आज पहाटेच डोंगरावर गेला होता. त्या सुऱ्याच्या पोकळ मुठीत काठी खोचायची की झाला भाला. अस्वल अंगावर आलं की तोच छातीत घालायचा. तिथे तो मोडला तर? लेक सायोला आठवा महिना लागलेला.

कुमेजीने बर्फात चालायचे वेताचे जोडे बांधले आणि निघाला.

चढताना त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. एखादा बुंधा काळा दिसला की अस्वलच वाटे, वारा ओरडला की जावयाची किंकाळी वाटे. खरं सांगितलं, तर बापाच्या काळापासून चालत आलेली भट्टी उद्याच थंड होणार. मग त्याला एक युक्ती सुचली. घरात बाळंतपण झालं, तर त्या घरच्या माणसाने सात दिवस डोंगरावर राहायचं नाही. डोंगराच्या देवीला ते सोयर चालत नाही. बस्स, तेवढं सांगितलं की जावई मुकाट्याने खाली येणार. सुरा काय, नंतर गुपचूप बदलून देता येईल!

दुपारी तो शिकाऱ्यांच्या झोपडीपाशी पोचला. इसोकिचीसह पाचही शिकारी निघायच्या तयारीत होते. अस्वल वरच्या गुहेतून बाहेर पडल्याचे माग सकाळीच सापडले होते.

"म्हातारबा, तुम्ही इथे?" म्होरक्या गोनरोकू गुरगुरला. "वाट चुकलात की बायकोनं हाकललं?"

"सायो बाळंत झाली," कुमेजी धापा टाकत म्हणाला. "लवकर झाली. इसोकिची, चल घरी."

"काय सांगता, बाबा!" इसोकिचीचा चेहरा फुलला. "मुलगा की मुलगी? आणि ती कशी आहे?"

"बरी आहे. चल आधी."

"थांब रे," गोनरोकू म्हणाला. "तू खुशाल जा. पण सुरा ठेवून जा. देवीपुढे ठेवून झालाय तो, रक्त लागल्याशिवाय खाली न्यायचा नाही. सेन्झो, तू घे. आज पुढे तूच राहा."

इसोकिचीने हसत सुरा काढून सेन्झोच्या हातात दिला. सेन्झो जेमतेम बाविशीचा. तो मुठीत काठी ठोकून बसवू लागला, आणि त्या प्रत्येक ठोक्याला कुमेजीच्या काळजाचं पाणी होऊ लागलं. आपला जावई वाचला, आता गप्प बसायचं की संपलं. तसं त्याने दोन ठोके गप्प राहूनही पाहिलं. देवा रे, काय माणूस आहे मी!

"ठेव तो!" तो ओरडला. "मोडेल तो सुरा. त्याचं जोडीदार पातं आज मोडलं माझ्या हातात. मला रंग दिसत नाही. तीन हिवाळे झाले, नीट दिसतच नाही मला."

सेन्झोने ठोकणं थांबवलं.

"मग सायो?" इसोकिचीने विचारलं.

"काही झालेलं नाही. खोटं बोललो मी."

जावयाने तोंड फिरवलं. गोनरोकूने शिवी हासडली नाही, हेच कुमेजीला जास्त भयंकर वाटलं. म्हाताऱ्या म्होरक्याने आपला सुरा काढून बर्फावर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

"यातले त्या तीन हिवाळ्यांतले कुठले, ते सांगा."

कुमेजी गुडघ्यांवर बसला. दिसत नव्हतं, पण स्वतःचं काम बोटांना कळत होतं. एक बाजूला सारला. दुसरा सारला. गोनरोकूचा स्वतःचा सुराही सारला. 

सेन्झो मात्र काठी हातात धरून तसाच उभा होता.

"कुमेजीदादा," तो म्हणाला, "माझ्या भावाचा सुरा?"

गेल्या वसंतात त्याच्या भावाला अस्वलाने फाडलं होतं; त्याचा सुरा बर्फात कुठे गेला, तो सापडलाच नव्हता. अख्खं गाव म्हणत होतं, पोरगा घाबरला, वार चुकला. भित्र्याची आई म्हणून त्यांच्या आईने पाणवठ्यावर जाणं सोडलं होतं.

"दादा, विचारतोय मी. तो कधी घडवला होता?"

कुमेजीचे हात बर्फातच राहिले. 

"त्या वसंताच्या आदल्याच हिवाळ्यात," तो म्हणाला. "तुझा भाऊ घाबरला नव्हता, पोरा."