डाव्या स्पीकरमधला नवरा

दुपारी चार वाजता वहिनींच्या जिन्यात चपलांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. वर पुढच्या खोलीत तीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती आणि त्यातल्या एकालाही खोकला येत नव्हता, याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. सगळे एका जुन्या स्टिरिओ रिसीव्हरकडे बघत होते. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच लाकडी पेटीत असलेलं ते पन्नास वर्षांचं धूड खिडकीजवळच्या स्टँडवर ठेवलेलं होतं. काचेमागचा हिरवट दिवा लागला होता. शेजारच्या खुर्चीत नादबाबा डोळे मिटून बसले होते.

"आहात का?" नादबाबांनी विचारलं.

डाव्या स्पीकरमधून आवाज आला. खर्र, खर्र.

"दोनदा म्हणजे हो," खालच्या मजल्यावरची शिंपीण माझ्या कानाशी पुटपुटली. "एकदा म्हणजे नाही. जरा सरका हो, मला दिसत नाही."

जो 'हो' म्हणाला तो माझा मित्र होता आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्याला सगळे नकाशेवाला म्हणत, कारण त्याने जन्मभर एका कचेरीत बसून नकाशे काढले. मी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. तीस वर्षं दर रविवारी सकाळी मी या खोलीत यायचो. आम्ही दोघं गाणी ऐकायचो आणि फारसं बोलायचो नाही. तो गेला आणि मी यायचं बंद केलं. वहिनींशी काय बोलावं सुचत नाही, असं कारण मी स्वतःला देत आलो. खरं सांगायचं तर त्याची रिकामी खुर्ची मला बघवत नव्हती. तीच खुर्ची वहिनींना रोज बघावी लागते, हे तीन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता त्याच खुर्चीत नादबाबा बसले होते.

आजही मी आपणहून आलो नव्हतो. वहिनींची मुलगी दूर परगावी नोकरी करते, तिचा आदल्या दिवशी फोन आला होता. "काका, आईने डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख रद्द केलीय. बाबांनी नको सांगितलं म्हणे. माझ्या बाबांनी." वहिनींचा एक डोळा मोतीबिंदू पिकू दिल्यामुळे आधीच गेला होता. दुसऱ्यातलाही पिकत आला होता, आणि आता चालढकल केलीत तर हाही हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. पुन्हा तारीख हवी असेल तर शनिवारच्या आत कळवायचं होतं. आज गुरुवार होता.

"विश्व म्हणजे कंपन," नादबाबांनी सुरुवात केली. "आत्मा म्हणजे फ्रिक्वेन्सी. देह गेला, लहर उरली. त्या लहरीला उतरायला जुनंच यंत्र लागतं. नवी यंत्रं प्लॅस्टिकची, त्यात आत्मा गुदमरतो."

आपापल्या घरची यंत्रं आठवून दोन-चार जणांनी खेदाने माना हलवल्या. बाबांनी उजव्या स्पीकरची वायर काढून ठेवायला लावली होती. उजवा स्पीकर इहलोकाचा आणि डावा परलोकाचा, ही वाटणी मला चाळीस वर्षांच्या धंद्यात कोणी शिकवली नव्हती. पेटी उघडायला सक्त मनाई होती, कारण आतल्या धुळीत नकाशेवाल्याचा श्वास आहे. शिंपिणीकडून एवढंही कळलं की बाबा पूर्वी घरोघरी पाण्याचे फिल्टर विकायचे.

वहिनी डाव्या स्पीकरला जवळजवळ कान लावून जमिनीवर बसल्या होत्या. मी खाकरलो तेव्हा त्यांनी मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"भावजी का?"

"हो, वहिनी."

"आलात." एवढंच म्हणून त्या पुन्हा स्पीकरकडे वळल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मित्राला काही विचारायचं असेल," नादबाबा मला उदारपणे म्हणाले.

मी थट्टा करायच्या तयारीने आलो होतो. तोंडातून भलतंच निघालं. "मी रविवारी यायचं सोडलं," मी म्हणालो. "राग आला का रे?"

खर्र, खर्र.

खोटं कशाला सांगू, अर्धा मिनिट मी पुरता विश्वास ठेवला. अशा खोल्यांमध्ये बसणाऱ्यांना आपण खुशाल मूर्ख म्हणतो. त्या अर्ध्या मिनिटात मीही त्यांच्यातलाच एक होतो, आणि मला तिथे बरं वाटत होतं.

मग धंद्याच्या सवयीने माझी नजर काचेमागच्या लाल काट्यावर गेली. रेडिओचं स्टेशन दाखवणारा तो काटा मोकळ्या जागी, दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवलेला होता. शिंपिणीने आपल्या हरवलेल्या बांगडीबद्दल विचारलं. आधी काटा थरथरला आणि मग खर्र झालं. पुढच्या प्रश्नालाही तसंच. पेटी हलल्याशिवाय काटा थरथरत नाही, आणि पेटी आत्म्याने हलत असेल तर त्याला वजन असलं पाहिजे. मी खाली बघितलं. जमीन लाकडी फळ्यांची. स्टँडचे दोन पाय ज्या फळीवर होते, तिचंच दुसरं टोक खुर्चीखाली गेलं होतं. त्या टोकावर नादबाबांची उजवी टाच होती.

"बाबा, पाय अवघडले असतील," मी म्हणालो. "वर घ्या ना. मांडी घालून बसा."

"आसन मोडता येत नाही."

"बसा ना, बाबा," वहिनी अगदी मनापासून म्हणाल्या. "रोज तासन् तास बसता आमच्यासाठी."

सगळी खोली बाबांच्या पायांकडे बघू लागली. त्यांना मांडी घालावी लागली.

"आता विचारा," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं. स्पीकर गप्प. पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्याने, जणू मित्राला तिकडे कमी ऐकू येत होतं. स्पीकर गप्पच.

"खोलीत अविश्वास आहे," नादबाबा म्हणाले. "लहर अडते."

मी उठून त्या फळीवर उभा राहिलो. "नकाशेवाल्या, माझ्या घरात हत्ती आहे का?" टाच दोनदा दाबली. खर्र, खर्र. "तो स्वयंपाकघरात मावतो का?" खर्र, खर्र. मागे कोणीतरी हसलं. "या बाबांना तुझ्याशी बोलता येतं का?" टाच एकदाच दाबली.

मला वाटलं होतं लोक बाबांवर भडकतील. ते माझ्यावरच नाराज झाले. "एवढं छान चाललं होतं," शिंपीण जाताना म्हणाली. नादबाबा लहरी बिघडल्याचं सांगत उठले आणि जिन्यातल्या ढिगात बराच वेळ आपल्या चपला शोधत राहिले. ऑपरेशन नको असं त्यांनी का सांगितलं, ते त्यांच्या पाठीकडे बघताना माझ्या ध्यानात आलं. वहिनी आठवडाभर अंथरुणावर असत्या तर ही खोली बंद राहिली असती. आणि डोळा बरा झाला असता तर टाच दिसली असती.

खोली रिकामी झाली. वहिनी होत्या तिथेच बसून राहिल्या.

"सगळ्यांना छान हसवलंत, भावजी," त्या म्हणाल्या. "आता मी कोणाशी बोलू?"

तीन वर्षांत ज्याने या घराची पायरी चढली नाही, त्याने काय उत्तर द्यायचं?

मग त्यांनीच सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी त्यांना घर असह्य झालं, म्हणून त्यांनी पेटी सुरू केली. तोपर्यंत कधीच हात लावला नव्हता, कारण पेटीला कोणी हात लावायचा नाही हा नकाशेवाल्याचा घरातला एकुलता एक कायदा होता. डावा स्पीकर मुका होता. पण त्या जवळून चालत गेल्या की तो खरखरायचा. "वाटलं, मी आलेली कळते त्यांना," वहिनी म्हणाल्या. त्यांनी शिंपिणीला सांगितलं आणि शिंपिणीने बाबांना आणलं.

त्या हात टेकून उठल्या. अनवाणी पायाने चाचपडत त्यांनी ती फळी शोधली, तिच्यावर उभ्या राहिल्या आणि काहीही न विचारता पाय दाबला. खर्र. पुन्हा दाबला. खर्र.

"म्हणजे तीन महिने मी एका टाचेशी बोलत होते," त्या म्हणाल्या.

मग पदराने डोळे पुसून त्यांनी पेटीकडे बोट केलं. "उघडा."

मी घरी जाऊन हत्यारं घेऊन आलो. विजेची वायर काढली आणि अर्धा तास थांबलो, कारण बंद केल्यावरही अशा पेटीच्या पोटात वीज साठून राहते. तेवढ्या वेळात मी पुढची बटणं ओढून काढली. वहिनी म्हणाल्या, ती मी धुते. कोमट साबणाच्या पाण्यात त्या एकेक बटण जुन्या ब्रशने घासत होत्या. आवाजाचं मोठं बटण हातात आल्यावर थांबल्या.

"यावर त्यांच्या बोटांचा मळ असेल ना?"

"असेल."

त्या काही वेळ ते नुसतं हातात धरून बसल्या. मग तेही धुतलं, बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लावून.

मी स्क्रू काढून झाकण उचललं. आत गोधडीइतकी जाड धूळ. "श्वास बराच साठलाय," मी म्हणालो, आणि वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. मऊ ब्रशने धूळ काढता काढता मी त्यांना समजावलं. आवाजाच्या बटणामागे एक काळी पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची बारीक जीभ सरकते. दोन स्पीकरांसाठी अशा दोन जोड्या. मध्ये मळ बसला की जीभ पट्टीला टेकत नाही आणि त्या बाजूचा आवाज जातो. धक्का बसला की क्षणभर टेकते, तेवढ्यापुरतं खर्र होतं. अशी बटणं अधूनमधून फिरवत राहिलं तर मळ कमी धरतो. तीन वर्षं कोणी हात लावला नाही, म्हणून तो घट्ट बसला. वहिनींनी नवऱ्याचा कायदा पाळला आणि त्यातूनच हा नवरा तयार झाला.

बारीक नळीने मी बटणामागच्या फटीत साफ करायचं औषध फवारलं आणि धुतलेलं बटण परत बसवलं. "आता तुम्ही फिरवा," मी म्हणालो. "या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीस वेळा." त्या मोजत फिरवू लागल्या. मी झाकण पुसायला पालथं केलं, आणि माझा हात थांबला.

आतल्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. नकाशेवाल्याचं बारीक, सरळ अक्षर. एकाखाली एक अकरा तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे थोडक्यात नोंद. मी वाचून दाखवलं. "डावीकडे खरखर. बटण साफ केलं. गेली." खालच्या ओळीत, "पुन्हा डावीकडे खरखर. साफ केलं. गेली." शेवटची नोंद तो जायच्या चार महिने आधीची होती.

वहिनींचा हात बटणावरच राहिला. "म्हणजे ते असतानाही यायची खरखर?"

"वीस वर्षं येत होती."

"मग तेव्हा कोण बोलायचं?"

"धूळ, वहिनी."

त्यांनी झाकण मागून घेतलं, खिडकीजवळ नेलं, नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. बराच वेळ ते इकडेतिकडे फिरवलं.

"काळं काहीतरी दिसतंय," त्या म्हणाल्या. "अक्षर दिसत नाही." मग झाकण खाली ठेवून म्हणाल्या, "डॉक्टरांचा नंबर दाराजवळ चिकटवलाय. तुम्ही लावून द्या, मी बोलते."

फोन झाल्यावर मी उजव्या स्पीकरची वायर जोडली आणि पेटी सुरू केली. कुठल्याशा स्टेशनवर एक बाई गात होती, आणि ती दोन्ही स्पीकरांतून, खोलीच्या मधोमध उभी असल्यासारखी गात होती. गाणं संपल्यावर वहिनींनी काटा मोकळ्या जागी नेला आणि आवाज अगदी बारीक केला. मग त्या फळीवरून चालत गेल्या. तशाच परत आल्या. एकदाही खर्र झालं नाही.

"आता गेले ते," त्या म्हणाल्या.

धंद्यात इतकी स्वच्छ दुरुस्ती मी क्वचित केली असेल, आणि तिचा मला जराही आनंद झाला नाही.

ऑपरेशन नीट झालं. नादबाबा आता दुसऱ्या गल्लीत एका जुन्या शिलाई यंत्रातून कोणाच्या तरी सासूशी बोलतात, असं शिंपीण सांगते. मी गेल्याच आठवड्यात तिथल्या फळ्या बघून आलो.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. यंत्र खरखरायला लागलं की प्रश्न विचारत बसू नका, वायर काढा आणि झाकण उघडा. आणि यंत्राशी बोलणारं माणूस दिसलं तर हसायच्या आधी, आपण त्याच्या घरी शेवटचं कधी गेलो होतो ते आठवा. आपण गेलो नाही की त्या रिकाम्या खुर्चीत बाबा येऊन बसतो. माझ्या बाबतीत त्याला तीन वर्षं मोकळी मिळाली होती.

परवाच्या रविवारी मी गेलो तेव्हा वहिनींनी पेटी आधीच उघडून ठेवली होती. वायर काढून अर्धा तास थांबले होते, असं आवर्जून सांगितलं. चष्मा लावून त्यांनी अकराच्या अकरा नोंदी मला वाचून दाखवल्या, एकही न अडखळता. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने बारावी लिहिली होती. ती मात्र त्यांनी वाचली नाही, झाकण माझ्यासमोर धरलं.

तारीख होती, आणि पुढे लिहिलं होतं, "खरखर नव्हती. तरी साफ केलं. भावजी येणार आहेत."