बापलेकीची भूक

मी विक्रोळीच्या चाळीतलं एक स्टीलचं ताट बोलतोय. माझ्या काठावर 'चि. सौ. कां. लता हिस सप्रेम भेट' असं कोरलंय, पण लता माझ्यात क्वचितच जेवली. मी खोलगट, ऐसपैस. म्हणून माझा मान तिच्या नवऱ्याला, अंबादासला गेला. पुढे त्याला डायबेटिस निघाला, त्याच्यापुढे लहान ताट आलं आणि मी त्याच्या लेकीकडे, चेतनाकडे गेलो.

दोघांना मी फार जवळून पाहिलंय. लता आणि मुलगा विकी जेवता जेवता मध्येच थांबतात आणि हात धुवून मोकळे होतात. मला त्याचं भारी नवल वाटतं. बापलेकीचं तसं नाही. शेवटचा घास तोंडात असतानाही दोघांची नजर पातेल्याकडे. रश्श्याचा वास आला की दोघांचे चेहरे सारखेच उजळतात. चेतनाचं नाक आईचं आहे, भूक मात्र बापाची.

ताटात अन्न टाकायचं नाही, हा नियम अंबादासचा. लहानपणी जालन्याकडे उपाशी झोपलेला माणूस तो. पण विकी अर्धा भात ठेवून उठायचा आणि लता तो माझ्यात सरकवायची. "संपव गं, टाकायचा का आता?" मग हात धुताना चेतनालाच म्हणायची, "तोंडाला जरा आवर घाल ना. किती सुटलीयस." ऐकून माझं पोलाद तापायचं.

चेतना घाटकोपरला मेट्रो स्टेशनवर काम करते. तिने पाव सोडला, साखर सोडली, पहाटे कांजूरमार्गपर्यंत चालली. वजन उतरायचं आणि परत यायचं. तरी ती पुन्हा सुरुवात करायची. एवढ्या चिकाटीचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पण टोमणे ऐकून ऐकून ती सगळ्यांमध्ये बसेनाशी झाली. ओट्यापाशी पाठ फिरवून, उभ्यानेच जेवायची. तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

मागच्या महिन्यात ती वजनासाठी डॉक्टर गंधालींना भेटली आणि रविवारी मला घेऊन सगळ्यांमध्ये येऊन बसली.

"डॉक्टर म्हणाल्या, खाण्यातून मेंदूला मिळणारा आनंद सगळ्यांना सारखा नसतो. काहींना तो जास्त ओढतो, पोट भरल्याचंही उशिरा कळतं. यातलं बरंच आईबापाकडून येतं. एकच जीन नाही, बारीक बारीक खूप असतात. आई, मी हावरट नाहीये."

"मग काहीच करायचं नाही का?" लता म्हणाली.

"करतेच आहे ना मी. तुम्ही फक्त न विचारता वाढू नका."

अंबादास खाली बघत होता. "म्हणजे माझ्याकडून आलं."

"हो पप्पा. तुम्हाला पण कुणी सांगितलं नव्हतं."

विकी सवयीने अर्धा भात ठेवून उठला. लताचा हात सवयीने त्याच्या ताटाकडे गेला आणि तिथेच थांबला. माझ्यातही दोन घास उरले होते. चेतनाने त्यावर तळवा धरला. "बस."

सगळे अंबादासकडे बघू लागले. नियम त्याचा होता. त्याने विकीला खाली बसवलं, "तुझं तू संपव." मग पातेल्याचं झाकण उचलून माझ्यावर ठेवलं.

"राहू दे, पोरी. पोट भरलं ना?"

किती खातेस, हे तिला सगळ्यांनी विचारून झालं होतं. पोट भरलं का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. चेतना रडली, आणि लता उठून तिच्या शेजारी येऊन बसली.

आता काठावरचं नाव पुसट झालंय, पण मी रोज चौघांच्या पंगतीत असतो. तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं मोठं ताट असेल. त्यात वाढण्याआधी जेवणाऱ्याला एकदा विचारा.