पुढची एकच चकती

आमच्या ह्यांनी आयुष्यभर कमी करण्याचं काम केलं. खोक्यांच्या कारखान्यात ते अधिकारी होते. खोक्याला चार घड्या दिसल्या की चौथी कशाला, असं विचारायचं, आणि ती घालवली की तिसरीकडे बघायचं. त्यांनी घड्या कमी केल्या, गोदामातली माणसं कमी केली, कँटीनमधले चमचे कमी केले. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण केलं, तेही कमीच. "यांच्यामुळे कारखाना सुटसुटीत झाला," एवढंच म्हणाले. मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "आता घर होईल." सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. आमच्याकडे भिंतीवर भागलं नाही.

आधी डाव गेले. माझ्याकडे मोठा, मधला आणि लहान असे डाव होते. "ढवळायचं काम एक, मग डाव तीन कशाला?" म्हणून ह्यांनी मोठा ठेवला आणि बाकीचे भंगारवाल्याला देऊन टाकले. मोठाच का, तर "मोठ्यात लहान येतो." तेव्हापासून मी दुधाच्या पातेल्यात तो डाव घालते तेव्हा दूध बाहेर येतं. मग साबणाची पाळी आली. अंगाला, कपड्यांना आणि भांड्यांना एकच वडी. माझ्या अंगाला भांड्यांचा वास येतो आणि भांड्यांना माझा. मग कप. दोन माणसं, दोन कप. पाहुणा आला की आधी तो पितो, मग कप विसळून आम्ही पितो, आणि आमचं होईपर्यंत पाहुणा हात मांडीवर ठेवून आमच्याकडे बघत बसतो. हल्ली पाहुणेही कमी झालेत. ह्यांनी तेही आपल्याच खाती जमा धरलं.

मी काही बोलत नसे. फार सोशिक आहे म्हणून नव्हे. माझ्याकडे टेकडी होती.

आमच्या रस्त्याच्या टोकाला टेकडी आहे आणि टेकडीवर वाचनालय. तिथे मागच्या खोलीत मी फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. कोणी शिकवलं नाही. फाडून, उसवून, चिकटवून शिकले. खोलीत एक लांब टेबल, एक खिडकी, दोऱ्याची रिळं आणि दोन बरण्या. एका बरणीत पिठाची खळ, पानांसाठी. दुसरीत पांढरा डिंक, पुस्तकाच्या पाठीसाठी. त्या खोलीत तासन्‌तास कोणी मला "हे कशाला?" असं विचारत नाही. ग्रंथपाल बाई दारातून डोकावतात, "चहा?" म्हणतात, आणि चहाला कप असतो.

वर जायला बस नाही. मी सायकलने जाते. सायकल मुलाची, जाड टायरची, डोंगरात फिरवायची. तो परदेशी गेला आणि ती जिन्याखाली उभी राहिली. मी ती इमारतीच्या मागे, गाड्या लावतात तिथे, पडत-झडत शिकले; ज्या वयात बायका गुडघ्याला तेल लावतात त्या वयात मी आयोडीन लावत होते. त्या सायकलला पुढे, पायडलपाशी, तीन दातेरी चकत्या होत्या. मोठी, मधली आणि बशीएवढी लहान. मोठी मी कधी वापरली नाही. चढ लागला की हँडलवरची डावी कळ दाबायची, चेन लहान चकतीवर उतरायची, आणि मग पाय भराभर फिरत आणि सायकल मुंगीच्या पावलाने वर जाई. शाळेत जाणारी पोरं दप्तरासकट, हसत मला मागे टाकत. पण मी पाय टेकवला नाही. हळू का होईना, आपल्या पायांनी, कोणाला न विचारता मी वर पोचत होते. सगळ्या घरात माझी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

एके दिवशी हे हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. चेहऱ्यावर जगाचं रहस्य कळल्याचं तेज.

"अगं, तुला माहीत आहे का? जगात आता डोंगरातल्या सायकलींना पुढे एकच चकती ठेवतात. बाकीच्या काढून टाकल्या. सगळ्यांनी!"

"असेल."

"तुझ्या सायकलला तीन आहेत."

"अहो, असू देत. मला चढावर लहान लागते."

"लागते कारण आहे म्हणून. आधार दिला की माणूस टेकतो."

"तुमच्या गाडीला गिअर किती?"

"पाच."

"कशाला?"

"गाडीची गोष्ट वेगळी," हे म्हणाले आणि फोनकडे बघत बाहेर गेले. वाद संपवायची त्यांची रीत अशी: उत्तर सुचलं नाही की खोली बदलायची.

मी बहिणीकडे दोन दिवस राहायला गेले, तेवढ्यात त्यांनी डाव साधला. परत आले तर दिवाणखान्यात सायकल उताणी पडलेली, चाकं वर, भूल दिलेल्या जनावरासारखी. खाली वर्तमानपत्रं. आमची एकुलती चाळणी स्क्रूंनी भरलेली. हे ग्रीसने कोपरापर्यंत काळे आणि आनंदाने नुकत्याच न्हालेल्या बाळासारखे.

"झालं! पुढे एक! मधली गेली, लहान गेली, ती डावी कळ गेली, वायर गेली, चेन ढकलणारा पत्रा गेला. वजन करून पाहिलं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर. किती हलकी झाली!"

"कोणती ठेवलीत?"

"मोठी," हे म्हणाले. "मोठ्यात लहान येतो."

सोमवारी सकाळी मी निघाले. सपाट रस्त्यावर सायकल वाऱ्यासारखी गेली. भाजीवाल्याने हात केला तोवर मी त्याच्या पुढे. मग चढ लागला. डावा अंगठा सवयीने कळ शोधायला गेला आणि नुसत्या दांड्यावर आपटला. पहिल्या वळणाला पायडल असं थांबलं, जसं कोणी दाराला आतून कडी घातली. मी उभी राहून जोर लावला. गुडघ्यातून आवाज आला. सायकल आली नाही. पाय टेकवला. मग उरलेला चढ सायकल ढकलत, घामाने निथळत चढले. शाळेची पोरं आज हसलीसुद्धा नाहीत. ते जास्त लागलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "सवय होईल." दुसऱ्या दिवशीही पाय टेकला. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तेव्हा ह्यांचा चेहरा उजळला. "अगं, मी आहे ना! मी सोडतो गाडीने. मला तरी काय काम आहे?"

ते शेवटचं वाक्य ते सहज बोलून गेले. मला ते ऐकू आलं, पण तेव्हा माझा गुडघा जास्त मोठ्याने बोलत होता.

तर हे मला सोडू लागले. सोडून जावं की नाही? छे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत आले, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत, तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसले. बसून माणूस किती वेळ बसणार? त्यांनी ग्रंथपाल बाईंना सुचवलं, की पुस्तकं विषयवार लावण्यापेक्षा उंचीवार लावावीत. फळ्या कमी लागतील. बाई हसल्या. त्यांना वाटलं, विनोद आहे.

मग मी चहाला पलीकडच्या खोलीत गेले आणि परत येऊन कामाला लागले. नकाशांचं एक जुनं पुस्तक होतं, पानं मऊ झालेली. खळ लावली, दाबून ठेवली. दुपारी उघडायला गेले तर उघडेना. खळीची गंमत अशी, की चुकलं तर ओला बोळा फिरवून पान पुन्हा सुटं करता येतं. मी बोळा फिरवला. पान सुटेना. बरणीत बोट घालून पाहिलं तर दाट, चिवट, पांढरं.

"अहो, डिंकाची बरणी कुठे आहे?"

"एकत्र केलं," हे म्हणाले. "दोन्ही चिकटवतातच ना?"

त्या पुस्तकात एक वाळवंट एका समुद्राला कायमचं चिकटलं आहे. अजून तसंच आहे.

संध्याकाळी ग्रंथपाल बाईंनी मला बाजूला घेतलं. बाई सौम्य. झुरळ मारायचं तरी आधी त्याची क्षमा मागतील.

"तुमचे हे आता रोजच येणार आहेत का?"

"गाडी तेच चालवतात."

"हो, ते खरंच." त्या चष्मा पुसत राहिल्या. "असं बघा, तुम्ही आम्हाला हव्या आहात. पण जोडीत नको. सोमवारपासून एकट्या येता आलं तर बघा. नाहीतर मला काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल, आणि मला ते अजिबात द्यायचं नाही."

घरी येताना हे गाडीत म्हणाले, "बाई समजूतदार आहेत. उंचीवारचं त्यांना पटलंय."

मी मुलाला फोन लावला आणि सायकलचं सगळं सांगितलं. हे शेजारीच, कान टवकारून.

"आई, बाबांनी मागचं बदललं का?"

"मागचं काय?"

"पुढे एकच ठेवली की मागच्या चाकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती बसवतात. चढावर तीच कामाला येते. म्हणून तर पुढच्या काढतात! आणि पुढे मोठी नाही ठेवत कोणी. बाबांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला ना?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे.

"लांबलचक होता," ते म्हणाले. "मला मुद्दा आधीच कळला होता."

फोनमधून मुलाचं हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. बापाला लाज वाटू नये एवढी माया लेकाला आहे. मला त्या क्षणी नव्हती.

"काढलेलं सगळं कुठे आहे?" मी विचारलं.

मधली चकती, कळ, वायर, पत्रा असं सगळं डावांच्या वाटेने भंगारवाल्याकडे गेलं होतं. लहान चकती तेवढी राहिली होती. तिला ह्यांनी आपल्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कात्रणांवर वजन म्हणून ठेवलं होतं. हलवायलासुद्धा जीव होत नव्हता, म्हणे, "शोभते."

मी ती उचलली. रविवारी सकाळी दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरलं, फोन खुर्चीला टेकवून ठेवला आणि मुलगा सांगत गेला तसं करत गेले. ह्यांनी विकत आणलेली हत्यारं छान होती, तेवढं श्रेय द्यायला हवं. पायडलचा दांडा ओढून काढला. मोठी चकती उतरवली. लहानीला तिच्या जागी आतल्या बाजूला बसवलं, स्क्रू आवळले. चेन सैल लोंबू लागली तेव्हा काही कड्या काढल्या. उसवणं आणि जोडणं. पुस्तकापेक्षा हे सोपं. पुस्तक फाटायची तरी भीती असते.

हे डोक्यावर उभे. "अगं, काय करतेस? लहान? पुढे कोणी लहान ठेवतं का?"

"एकच ठेवायची म्हणालात ना?"

"हो, पण..."

"एकच ठेवली."

"अगं, सपाटीवर पाय पंख्यासारखे फिरतील आणि सायकल जागची हलणार नाही. लोक हसतील!"

"सपाटीवर मला कुठे जायचंय?"

ह्यांनी खोली बदलली. थोड्या वेळाने परत आले आणि चाळणीतला राहिलेला वॉशर माझ्या हातात दिला. तो खरंच राहिला होता.

सोमवारी सपाट रस्त्यावर पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे फिरत होते आणि भाजीवाल्याला मला हात करून, एका गिऱ्हाईकाची भाजी तोलून, पुन्हा हात करायला वेळ मिळाला. मग चढ लागला. पहिलं वळण. पायडल फिरलं. गुडघा कुरकुरला, पण आला. पोरं दप्तरं घेऊन पुढे गेली आणि त्यातलं एक मागे वळून ओरडलं, "आज आल्या!" मला इतकं बरं वाटलं, की श्वास लागलेला असूनही मी त्याला दात दाखवले.

मागे हॉर्न वाजत होते. वळून पाहिलं तर आमची गाडी. हे माझ्यामागे, माझ्या वेगाने, दोन्ही हातांनी चाक धरून, आणि त्यांच्यामागे अख्ख्या रस्त्याची रांग. माणसाला इतकं खोळंबवणारं काम त्यांनी कारखान्यात कोणाला करू दिलं नसतं.

वर फाटकाशी मी उतरले. पाय टेकवला, पण पोचल्यावर. गाडी शेजारी येऊन थांबली, काच खाली झाली. ह्यांच्या कपाळावर माझ्याइतकाच घाम.

"सगळा चढ पहिल्या गिअरवर यावं लागलं मला," ते तक्रारीने म्हणाले.

"मीही तशीच आले."

त्यांनी वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं. "आत येऊ?"

"नको."

"बरं." हात चाकावरच होते. खोली बदलायला तिथे खोली नव्हती. "मग मी काय करू?"

एवढ्या वर्षांत, काय करू असं त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, आणि त्यात "कशाला" नव्हतं. मला त्यांचा राग आलेला होता आणि तो गेला नव्हता, पण खिडकीतून आत हात घालून त्यांच्या कॉलरला लागलेलं ग्रीस मी पुसलं. आणखीच पसरलं.

"भंगारवाल्याकडे जा," मी म्हटलं. "लहान डाव अजून असेल त्याच्याकडे. आणि मधलाही."

"दोन्ही?"

"दोन्ही. आणि येताना डिंक आणा. बरणी वेगळी."

ह्यांनी मान हलवली, गाडी वळवली आणि उतरू लागले. उतारावर तरी त्यांनी गिअर बदलला की नाही, ते वळणामुळे मला दिसलं नाही.