डॉक्टरांच्या मागची जागा

त्या सकाळी शिंपी चहाचा थर्मास घेऊन वॉर्डात शिरला, तेव्हा बायकोची खाट रिकामी होती. त्याला वावगं काही वाटलं नाही. रक्त तपासायचं, असं डॉक्टर काल संध्याकाळी त्याच्यासमोरच म्हणाले होते. तिकडेच नेलं असेल म्हणून तो स्टुलावर बसला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मग नर्स आली. तिने काही बोलायच्या आधी त्याच्या हातातला थर्मास काढून घेतला. तेव्हा त्याला कळलं.

पित्ताशयातले खडे काढायचं साधं ऑपरेशन होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं पोट ताठ लागलं, चेहरा पांढराफटक पडला. म्हातारे डॉक्टर फेरीला आले. त्यांनी पोट चाचपलं, नाडी धरली आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता खांद्यावरून मागे सांगितलं, "हिचं रक्त लगेच तपासायला पाठवा. नाडीवर लक्ष ठेवा, जराही बिघडली तर मला बोलवा."

शिंप्याला हायसं वाटलं. भेटीची वेळ संपल्यावर तो उठला, तर बायको म्हणाली, "त्या शर्टांना बटणं मी आले की लावीन. तुम्ही हात लावू नका, वाकडी लावता."

तिच्या पोटात रक्त साचत होतं. आणि डॉक्टरांच्या मागे कुणीच नव्हतं.

हे डॉक्टर निवृत्त होऊन घरी बसले होते. तरुण सर्जन मिळेना, म्हणून त्यांना थोड्या दिवसांसाठी परत बोलावलं आणि ते थोडे दिवस लांबतच गेले. हयातभर त्यांच्या मागे दोन शिकाऊ डॉक्टर आणि एक सिस्टर चालत. मागे न बघता सांगायचं, काम झालेलं असायचं. आता त्याही जागा रिकाम्या होत्या. एकच नर्स दोन वॉर्ड सांभाळत होती आणि त्या वेळी ती पलीकडच्या वॉर्डात होती.

मेहुणा रोज दुकानात येऊन म्हाताऱ्याला कोर्टात खेचायची भाषा करी. शिंपीही मान हलवी. कात्री चालवताना त्याला तेच शब्द ऐकू येत, रक्त पाठवा, नाडीवर लक्ष ठेवा. एका दुपारी त्याने शिवून झालेला शर्ट नेहमीसारखा खांद्यावरून मागे धरला आणि मान न वळवता म्हणाला, "एवढी काजं करून टाक गं."

शर्ट कुणी घेतला नाही. हात भरून आला तेव्हा त्याने वळून पाहिलं. तिचं स्टूल, तिची सुयांची डबी. त्याला डॉक्टरांची पाठ आठवली आणि मशीन पुन्हा चालवणं त्याला जमलं नाही.

पुढे हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी शिंपी आणि मेहुणा दोघांना बोलावलं. ते फार गोड बोलले. डॉक्टरांचं वय झालंय, विसरतात, तुम्ही तक्रार द्या, आम्ही त्यांना घरी पाठवतो. डॉक्टर तिथेच दाराशी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी सांगितलं होतं," ते शिंप्याला म्हणाले, "पण वळून पाहिलं नाही. माझ्या कानाला अजून मागे पावलं ऐकू येतात हो."

"ऐकलंत ना भाऊजी? कबूल करतोय," मेहुणा म्हणाला.

"ऐकलं." शिंपी अधीक्षकांकडे वळला. "त्यांनी बघायला हवं होतं. ते मी विसरणार नाही. पण मागे उभं राहायला तुम्ही कुणाला ठेवलं होतं?"

अधीक्षक म्हणाले, माणसंच मिळत नाहीत, म्हणून तर ही तात्पुरती सोय.

"ठिगळ लावायला आजूबाजूचं कापड तरी धड लागतं, साहेब. यांना घालवाल, दुसरा म्हातारा आणाल. तक्रार देतो, पण त्या रिकाम्या जागांची. घेता?"

अधीक्षकांनी ती घेतली नाही. मेहुणा जिना उतरताना एवढंच म्हणाला, "बहीण माझी गेली, आणि तुम्ही त्याला सोडलंत." त्यानंतर तो दुकानात आला नाही.

दुसरं कुणी नाही म्हणून डॉक्टर अजून तिथेच आहेत. आता ते बोलण्याआधी वळून बघतात आणि मागे कुणी नसलं की नर्सला शोधत दोन्ही वॉर्ड हिंडतात. तोवर पुढचा पेशंट वाट बघतो. शिंपी दर आठवड्याला दुकान बंद करून तीच तक्रार घेऊन अधीक्षकांच्या दाराशी बसतो. शेजारच्या खाटेवरची ती बाई बरी झाली. हल्ली तीही त्याच्याजवळ येऊन बसते.

डॉक्टरांच्या मागच्या जागा अजून भरलेल्या नाहीत.