धुण्याच्या दगडाची लाज

मी दौलतच्या विहिरीवरचा धुण्याचा दगड बोलतोय. तोंड खाली, पाठ वर, असा शहाड गावात पिढ्यान् पिढ्या पडून आहे. पालथा असलो तरी कान उघडे! कोणाची सून रुसली, कोणाकडे पाहुणे आले, सगळं आधी मला कळतं.

माझ्या पोटावर काय कोरलंय ते सांगताना मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, खाली एक बाई नि एक गाढव. पुढचं विचारू नका. कोण्या राजानं देवाला शेत दिलं. ते जो बळकावील, त्याच्या आईला ही शिवी. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. गुन्हा करणार बाप्या, अब्रू जाणार आईची! छिन्नी चालत होती तेव्हाच वाटलं, दुभंगून जावं. दगडाला तेवढंही जमत नाही.

पुढं राज्य बुडालं, ती अक्षरं लोक विसरले. कुणा भल्या बाईनं मला पालथा घालून वर धुणं आपटलं. सुटलो!

पण यंदा घात झाला. पाठ झिजून गुळगुळीत झालेली, दौलतची लेक रतन घसरली. दौलत म्हणाला, "उलटा करा रं ह्याला. खालची बाजू खरबरीत असंल." चौघांनी पहार लावून मला उलथवला. पोटावर चिखलाचा थर होता, म्हणून त्या दिवशी निभावलं.

दुसऱ्या सकाळी खडवलीचे पाहुणे रतनला बघायला आले, ते पाय धुवायला थेट माझ्यावर! तांब्यामागून तांब्या ओतला, तसतसा मी उघडा पडत गेलो. मुलाचा मामा वाकून बघतच राहिला.

"दौलत, ही तुमच्याच घरची का रं? असं काय नाव काढलं तिनं, की दगडावर चढवली?"

सगळे खो खो हसले. दारातल्या रतननं तोंडावर पदर ओढला. गूळपाणी न घेताच पाहुणे उठले.

रतनचा भाऊ सहदेव मॅट्रिक झालेला. दौलतनं त्याला दंडाला धरून आणलं. "वाच! काय लिवलंय आपल्याबद्दल?"

सहदेवनं अक्षरांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "नाय वाचता येत, बाबा."

"विलायतेचे राजे घडाघडा म्हनतोस, नि दारातला दगड वाचता नाय येत?"

पोराची मान खाली गेली. माझी तर आधीच गेलेली.

"तुम्ही बघितलेली रेल्वेतली नोकरी मला नको," तो हळूच म्हणाला. "मुंबईच्या कॉलेजात जातो. इतिहास शिकतो."

"इतिहासानं पोट भरंल?"

"नाय भरनार. पन उद्या रतनला कोन हसला, तर उत्तर तर देता येईल."

दौलतनं घण उचलला. "त्यापरीस ह्याचे तुकडेच करतो!"

सहदेव माझ्यावर पाय रोवून उभा राहिला. त्याची आई गोदूबाई पुढं झाली. "फोडू नका, धनी. फोडला तर लपवलं म्हनतील, मग त्या मामाचंच खरं व्हईल. पोराला जाऊ द्या."

घण खाली आला तो जमिनीवर टेकायला.

सहदेव मुंबईला गेला, मी पुन्हा पालथा. रतन माझ्यावर धुणं आपटते, पूर्वीपेक्षा जोरानं.

सहदेवा, नीट शिक. आलास की मला उलटा कर. लाज वाटेल, तुलाही नि मलाही. तरी मोठ्यानं वाच नि सांग, खडवलीपर्यंत ऐकू जाऊ दे: ह्या बाईनं काहीसुद्धा केलेलं नव्हतं.