दारातला पहिला

धाकट्या बहिणीचा नवरा आपल्याच तुकडीत पडावा, यासारखी कटकट नाही. लढाईवर जायचं बोलावणं आलं ते आम्हा दोघांना एकदमच. मी सिमेंटचा मिक्सर चालवणारा, शिव्या खाऊन पचवणारा माणूस. भावोजी लोकांच्या घरी जाऊन पडदे बसवून देणारे. इतके मवाळ, की भिंतीत खिळा ठोकतानाही तिची माफी मागतील. निघताना बहिणीने माझा दंड धरला. "दादा, ते फार धांदरट आहेत रे. असा माणूस तिकडे पहिल्या दिवशीच जातो. त्यांना नीट शिकव. मला ते परत हवेत." मी तिला शब्द दिला.

सरावाच्या मैदानात प्लायवूडचं एक खोटं घर उभं केलं होतं. चौघांनी भिंतीला चिकटून रांग लावायची. मागच्याने खांदा दाबला की पहिल्याने दार लोटून आत घुसायचं, कोपरा गाठायचा, बाकीचे पाठोपाठ. भावोजींची पाळी आली. ते पुढे झाले, दारावर हलकेच टकटक केली आणि बाजूला अदबीने उभे राहिले. तुकडीची हसून मुरकुंडी वळली. शिकवणाऱ्या उस्तादांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून सगळे त्यांना जावईबापू म्हणू लागले.

मला हसू आलं नाही, भीती वाटली. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सावलीत पाय पसरायचे, तेव्हा मी भावोजींना त्या दाराशी जुंपायचो. "भावोजी, वाका! उंबऱ्यात काय थांबताय? चहाला बोलावलंय का कोणी?" बहिणीच्या नवऱ्यावर असं खेकसणं बरं दिसत नाही, पण तेव्हा बरं दिसण्याची कोणाला पडली होती! ते घामाघूम व्हायचे, "हो दादा" म्हणायचे आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहायचे. हळूहळू ते त्यांच्या अंगात भिनलं. शिवाय नजर पडदेवाल्याची. पाऊल टाकताच खोलीचे कोपरे, खिडक्या, आडोसे सगळं टिपायची. आम्ही दाराशी पोचेपर्यंत ते आत असायचे.

मग एका सकाळी उस्तादांनी आमच्या चौघांचा क्रम ठरवला. तिकडे गेल्यावरही हाच राहणार होता.

"पहिला, जावईबापू."

मी चौथा. भावोजींचा चेहरा उजळला. आयुष्यात त्यांना कोणी कशात पहिलं काढलं नसावं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आत कोणी दबा धरून बसला असेल, तर त्याची गोळी आधी कोणाला लागते, हे आम्हाला त्याच दारात उभं करून शिकवलं होतं.

मी उस्तादांना गाठलं. "मला पहिला घाला, साहेब."

ते चिडले असते तरी चाललं असतं. पण समजुतीने बोलले. "तू दारात खांदा आपटतोस. पहिला अडकला की मागचेही मेले. त्याला तूच तयार केलंस ना? चांगलं काम केलंस." मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सुट्टीच्या दिवशी भावोजींनी घरी फोन लावला, मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात देऊन अंघोळीला गेले.

"दादा, पहिला म्हणजे सगळ्यांच्या आधी?" बहिणीने विचारलं.

"हो."

"आणि तू?"

"मागे."

 ती अगदी हळू म्हणाली, "मग आता त्यांना चुकायला शिकव ना रे."

दुसऱ्या दिवशी सराव सुरू होण्याआधी मी भावोजींना बाजूला घेतलं. "आज जरा अडखळा. दारात थांबा. उस्तादांना दिसू दे. क्रम बदलतील."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत.

"दादा, मी दारात थांबलो तर मागे तुम्ही आहात," ते म्हणाले.

 तेवढ्यात उस्तादांची हाक आली. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. भावोजी सगळ्यात पुढे, मी शेवटी. त्यांना मागे ओढायला हात पुढे केला असता, तरी तो तिथवर पोचला नसता.