चालत्या मशीनला हात लावू नये

बाईंनी उघडलेला पंप त्याच्या टेबलावर, चहाच्या कपाला खेटून ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"सात नंबर," तो वर न बघता म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. मेला कशानं, ते विचारतेय."

"बेअरिंग."

"बेअरिंग नीट बसलेलंच नव्हतं. हा दोष पहिल्या महिन्याभरात जीव घेतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. सात महिने चाललेला पंप या दोषानं कसा मरेल? ऐंशीच्या म्हाताऱ्याला गोवर निघाला आणि त्यात तो गेला, असं सांगताय तुम्ही मला."

"होतं कधीकधी."

"आणि हा रबरी पडदा बघा. सुरकुती तरी आहे का त्याला? बाकीच्यांचे पडदे जुन्या चपलेच्या तळव्यासारखे झालेत."

त्यानं पडद्याकडे पाहिलंच नाही. चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि तीस वर्षांत बाईंनी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते बोलला.

"सात सोडून द्या, बाई. उरलेल्या अकरांवर हिशोब काढा."

बाईंना वाटलं, आपल्या कानांतच काहीतरी बिघाड झाला.

कारण हा माणूस म्हणजे यम. त्याचं पाळण्यातलं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणाला आठवत नसे. मशीन चालवून चालवून मारायची आणि ती कधी, कशी मेली ते बघायचं, हे त्याचं काम. म्हणून तो यम. मेलेल्यांचा आणि उरलेल्यांचा हिशोब मांडून, अशी मशीन लोकांच्या घरात किती टिकेल ते सांगायचं, हे बाईंचं काम. म्हणून त्या चित्रगुप्त. दोघं तरुण होते तेव्हा या कचेरीत फक्त मेलेल्या मशीनची सरासरी काढत. जी चालू असत त्यांना कुणी विचारत नसे, चाचणी संपली की ती भंगारात. या दोघांनी भांडभांडून सगळ्यांना पटवलं, की जो अजून मेला नाही तोही काहीतरी सांगत असतो, त्याचाही शब्द हिशोबात धरायला हवा. पुढे दूरदूरच्या प्रयोगशाळांतून लोक त्यांची पद्धत शिकायला आले. आल्याआल्या यम त्यांना दोन गोष्टी पाठ करायला लावी. पहिली, बंद पडलेली मशीन वेगळी आणि बंद केलेली मशीन वेगळी. दोघींना एका ओळीत बसवाल तर माझ्याशी गाठ आहे. दुसरी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवून चाचणीच्या खोलीत टांगली होती: चालत्या मशीनला हात लावू नये.

आणि आकडा गाळायचा तर विषयच नव्हता. एकदा बाई एक विचित्र आकडा बाजूला ठेवू म्हणाल्या होत्या, तर हा महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नव्हता. पटत नाही म्हणून आकडा काढायचा नसतो, बाई, नावडत्या सासूला घरातून काढता येतं का? तोच माणूस आज सासूला दाराबाहेर काढत होता.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" बाईंनी विचारलं.

"मला जरा लवकर निघायचंय," यम म्हणाला आणि खरंच निघाला. चहा अर्धा तसाच.

अलीकडे त्याचं हेच चाललं होतं. यायचं उशिरा, जायचं लवकर, काही विचारलं की हूं आणि हां. बायको आजारी होती, हे बाईंना ठाऊक होतं. फुप्फुसं थकली होती, नाकाला नळी लागली होती. बाईंनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळालं. दगडाला पाझर फुटेल, पण याच्या तोंडून घरचा शब्द फुटायचा नाही, म्हणून त्यांनी विचारणं सोडलं होतं.

साहेबांना मात्र तोड सापडल्याचा आनंद झाला.

"यमसुद्धा म्हणतोय ना सोडून द्या? मग तुमचं घोडं अडलंय कुठं?" ते म्हणाले. "अहवाल या आठवड्यात द्यायचाय. घरी ऑक्सिजन देणाऱ्या मशीनचे पंप आहेत हे, लोक वाट बघतायत."

"लोक वाट बघतायत म्हणूनच म्हणते. हा पंप कोवळा असताना मेलाय, असं दिसतंय. तसे आणखी असतील तर ते लोकांच्या उशाशी मरतील."

"रॅकवरचं त्याचं घड्याळ सात महिने दाखवतंय आणि तुम्ही म्हणता कोवळा. बाई, तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?"

कळत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. बाई जागेवर येऊन बसल्या आणि कागदावरच्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. मेलेल्या पंपांचे भरलेले ठिपके, चालू असलेल्यांचे पोकळ गोल. सगळे शहाण्यासारखे एका रेषेच्या आसपास. नुसता सात सोडला की अहवाल न्हाऊन-माखून तयार. अहवालावर दोघांच्या सह्या लागत, आणि यमानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

"ठीक आहे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "डोंगर येत नाही तर मी जाते डोंगराकडे." मेलेला सात पिशवीत घालून त्या त्याच्या घरी गेल्या.

दार यमानंच उघडलं. हात काळे, बाह्या वर सरकवलेल्या.

"आज कशा काय?"

"सही हवीय. आणि उत्तर हवंय. आत येऊ, की उंबऱ्यावरच देताय?"

आतून वहिनींचा आवाज आला. दोन शब्दांमागे एक थांबा घेत त्या म्हणाल्या, "बाई का? येऊ दे त्यांना. किती दिवसांनी."

वहिनी खिडकीपाशी उशांना टेकून बसल्या होत्या. अंगानं निम्म्या झाल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. नाकातली नळी पलंगाखालून मशीनकडे गेली होती. मशीनचं एका बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलं होतं. यम जाळी साफ करत होता.

"बघा आमचा यम," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्यांचा न्यायला येतो. माझा रोज जाळी धुतो."

बाई हसल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि बसता बसता त्यांची नजर उघड्या मशीनमध्ये गेली. पंप एका लयीत धापा टाकत होता. त्याच्या कुशीवर पिवळ्या रंगाचा ठिपका होता आणि खाली यमाच्या वळणदार अक्षरात आकडा. सात.

बाईंचा हात मांडीवरच्या पिशवीवर गेला. तिच्यात दुसरा सात होता.

यमानं ते पाहिलं. काळे हात फडक्याला पुसत तो तसाच उभा राहिला.

"वहिनी, मी जरा पाणी पिऊन येते," बाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी नळ सोडला, पाणी वाहू दिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "कधी केलंत?"

"मशीन नवी घेतली त्याच आठवड्यात. पहिल्या खेपेतली, हाच पंप असलेली. चाचणीच्या खोलीतली वीज गेली होती त्या दिवशी बदलला. तिच्या मशीनमधला कोरा पंप रॅकवर सातच्या जागी लावला, रॅकवरचा सात इथं आणला."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही विचारताय?" तो पहिल्यांदाच चिडला. "नवा पंप मरायचा असेल तर सुरुवातीलाच मरतो. सातनं सहा महिने काढले होते. त्याच्यावर माझा विश्वास होता. नव्यावर कसा ठेवू? सिलिंडर आहे, पण तो तासाभराचा, आणि लावायला कुणीतरी जागं हवं. माझा डोळा लागला आणि मशीन थांबली तर?"

"अहो, मग बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात नाही म्हणाले असते."

"म्हणून."

बाईंनी कपाळाला हात लावला. पुसलेल्या फरशीवर चिखलाचे पाय उमटलेले पाहून येतो तसला राग त्यांना आला होता, आणि पाय कुणाचे ते कळल्यावर तो कुणावर काढावा तेही समजेना.

"निदान तो आकडा तरी खोडायचात," त्या म्हणाल्या.

"खोडला असता तर चोरी झाली असती." यमानं नळ बंद केला. "तो अजून चाचणीतलाच आहे. सगळे तास माझ्याकडे आहेत. एकही चुकवलेला नाही."

"आणि हा?" बाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. "हा सोडून द्या म्हणालात."

तो पिशवीकडे बघेना. खिडकीकडे बघत म्हणाला, "तिसऱ्या आठवड्यात गेला तो, बाई. पहाटे. मी सकाळी खोलीत आलो तर रॅकवर सात गप्प. तो इथं असता तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "मला त्याचा ठिपका कागदावर बघायचा नव्हता. एवढंच."

बाहेर पंपाची धाप चालू होती. बाईंना तिचा एक ठोका जरी चुकला तरी ऐकू आला असता, इतक्या त्या कान देऊन उभ्या होत्या. हा माणूस गेला महिनाभर असाच कान देऊन जगत असणार, हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. आणि आपण त्याला उशिरा येण्यावरून बोलत होतो.

"सोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "असे कोरे पंप लोकांच्या घरी जातील. प्रत्येकाच्या घरी काही यम नसतो."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. आणि मीच ती घालवेन, असं दिसतंय. तुमच्यासारख्या माणसाबरोबर आयुष्य काढलं, त्याची फळं."

"इथला पंप मागतील?"

"मागू देत. कसा मागतात ते मी बघते."

त्यांनी तिथंच ओट्यावर कागद पसरला. कोवळ्या पंपाचा भरलेला ठिपका त्याच्या खऱ्या जागी, अगदी डावीकडे, सगळ्यांपासून दूर एकटा पडला. खऱ्या सातचा पोकळ गोल काढला. बारांचे तेरा झाले. खाली दोन ओळी लिहिल्या: एक पंप रॅकवरून घरगुती वापरात हलवला, अजून चालू, प्रत्येक नवा पंप कारखान्यातच महिनाभर चालवून मग पाठवावा. यमानं वाचलं, 'हलवला'च्या पुढे 'मी' असं लिहिलं आणि सही केली.

साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. नियम, विश्वास, इतक्या वर्षांची अब्रू, काय काय निघालं. बाईंनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की पंप परत आणायला साहेब स्वतः जाणार की कुणाला पाठवणार. पाठवणार असतील तर नळी नाकातून कुणी काढायची, तेही अहवालात लिहावं लागेल. यमाला घरी बसवलं, पंपाला कुणी हात लावला नाही, आणि कारखान्याला महिनाभराची अट पाळावी लागली.

चाचणी पुढे चालू राहिली. सकाळी खोलीत आल्यावर बाई रॅकवरच्या पंपांची नोंद करत आणि मग यमाला फोन लावत.

"सात?"

"चालू आहे."

"तास?"

तो तास सांगे, त्या लिहून घेत. वहिनींची चौकशी करायला गेलं की गडी नेहमीसारखाच "ठीक आहे" म्हणून फोन ठेवी, आणि बाई चरफडत. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की "चालू आहे" तो कधी पटकन म्हणतो, तर कधी जरा थांबून. त्यावरून त्या समजायचं ते समजू लागल्या. रॅकवरचे पंप एकेक करून पडत गेले. सात चालूच होता. सगळ्यांत म्हातारा तोच झाला होता.

एका सकाळी बाईंनी लावायच्या आधीच त्याचा फोन आला.

"बाई, सातची नोंद घ्या."

"थांबा, पेन घेऊ दे. तुम्हाला कधी नाही ती आज घाई." त्यांनी कागद पुढे ओढला. "हं. बंद पडला?"

"नाही."

"मग?"

"चालू होता," यम म्हणाला. त्याच्या मागे घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता. "मी बंद केला. पहाटे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. तीस वर्षांत या माणसाला एक गोष्ट सरळ सांगता आली नव्हती. त्यांना त्याच्यावर ओरडायचं होतं, काहीतरी भरपूर बोलायचं होतं. समोर कागदावर सातचा गोल पोकळच होता, आणि आता तो तसाच राहणार होता.

"तास सांगू?" त्यानं विचारलं.

"नंतर."

"पंप परत द्यायला हवा. चाचणीचा आहे. झाकण काढतोच आहे मी."

"अहो, राहू द्या ते," बाई म्हणाल्या. पिशवी शोधत त्या उठल्याही होत्या. "मशीनला हात लावू नका. मी येतेय."